थर, स्लॅब आणि स्पॅगेटी

पावसाळा ओसरला की बदलापूर-कर्जत बाजूच्या रिसॉर्टांवर शनिवारी सकाळी बसगाड्या येऊन थांबतात आणि त्यांतून एकाच रंगाच्या टी-शर्टातली माणसं उतरतात. टी-शर्टाचं माप कंपनीने सरसकट एकच मागवलेलं असतं. त्यामुळे हिशेबनीसांच्या पोटावर तो ताणलेला असतो, नव्या ट्रेनी मुलीच्या गुडघ्यांपर्यंत पोचलेला असतो, आणि ‘आपण सगळे एक’ हे छातीवरचं वाक्य प्रत्येकाच्या अंगावर वेगवेगळ्या लांबीचं दिसतं. ही मंडळी टीमवर्क आणि नेतृत्व शिकायला आलेली असतात. आठवडाभर एकमेकांच्या चुका साहेबांना सीसी करून ज्यांनी दिवस काढले, त्यांना पोहे-चहानंतर चार-चारच्या गटात विभागलं जातं, गटांना वाघ, गरुड, सिंह अशी नावं दिली जातात (कोळी किंवा मुंगी हे नाव कुठल्याही गटाला मिळालेलं ऐकिवात नाही, वास्तविक बांधकाम आणि सहकार्य या दोन्ही विषयांत वाघाचा अनुभव शून्य) आणि मग टेबलावर स्पॅगेटीच्या कच्च्या काड्या ठेवल्या जातात. काड्या वीस, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमेलो. अठरा मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभा करायचा आणि त्याच्या टोकावर तो मार्शमेलो बसवायचा. यातून नेतृत्व बाहेर पडतं, असं मानण्याची रीत आहे.

या खेळाची थट्टा करण्याआधी त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, कारण त्याने जगाला एक फार आनंददायक निष्कर्ष दिला आहे. पीटर स्किलमन यांनी हा खेळ मांडला आणि टॉम वुजेक यांनी २०१० च्या टेड व्याख्यानातून जगभर पोचवला. वुजेक यांनी अनेक गटांकडून तो खेळून घेतला, आणि त्यात बिझनेस स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतल्या पोरांचे मनोरे उंच निघाले. पदवीधरांचा पहिला वेळ गटाचा प्रमुख कोण हे ठरवण्यात जातो, पुढचा आराखड्यात जातो, आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी हळूच मार्शमेलो वर ठेवतो तेव्हा सगळा डोलारा मान टाकतो. पोरं मात्र मार्शमेलो हातात घेऊनच सुरुवात करतात, पाडतात, पुन्हा लावतात, अधूनमधून एखादी काडी चघळतात. आणखी एक निरीक्षण मला विशेष प्रिय आहे. नुसत्या सीईओंचे मनोरे सरासरीपेक्षा जेमतेमच उंच होतात. पण त्यांच्या गटात एखादी सेक्रेटरी बसवली की उंची वाढते. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयातल्या शिपायाला विचारलं असतं तर हे संशोधन एका चहात उरकलं असतं. पुढे वुजेक यांनी दहा गटांसमोर दहा हजार डॉलरचं बक्षीस ठेवलं, तेव्हा एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, बक्षिसाकडे आपल्याला परत यायचं आहे.

पण या खेळात एक मूलभूत खोट आहे, आणि ती स्पॅगेटीच्या कमकुवतपणाहून मोठी आहे. मनोरा कोसळला तरी खाली कुणीच नसतं. मार्शमेलो टेबलावर पडतो, सगळे ‘अरेरे’ म्हणतात, फॅसिलिटेटर ‘अपयश हाच गुरू’ असं काहीतरी फळ्यावर लिहितो आणि जेवणाची घंटा होते. पाडणाऱ्याचं काही मोडत नाही, सांभाळणाऱ्याचं काही वाचत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चार माणसांनी मिळून काहीतरी उभं केलं म्हणजे त्यांना सहकार्य शिकता आलं असं होत नाही. उभारलेल्या गोष्टीच्या खाली कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं. निर्णय घेणारा स्वतः त्या वजनाखाली असेल तर माणसं विलक्षण समजूतदार वागतात. खाली कुणीच नसेल तर ती खेळतात. आणि खाली दुसराच कुणी असेल तर ती काय करतात, याचा तपशील थोड्या वेळाने येईल. हे सिद्ध करायला अमेरिकेतल्या व्याख्यानांची गरज नाही. बदलापूरच्या दोन स्थानकं अलीकडे उल्हासनगर आहे, आणि त्यातला अंबरनाथला खेटून असलेला कॅम्प ५ या एका मुद्द्यावर अख्खं विद्यापीठ चालवू शकेल इतका समृद्ध आहे.

आधी वजनाखालच्या माणसांकडे पाहू. गुरुपौर्णिमेपासून संध्याकाळी मैदानांत, चौकांत आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळांत गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. कॅम्पातल्या गल्लीबोळातली पथकं काही जोगेश्वरीच्या ‘जय जवान’सारखी नसतात, ज्यांनी २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर, म्हणजे ४३.७९ फूट उंची गाठून गिनेस बुकात नाव नेलं; किंवा ‘कोकण नगर’सारखीही नसतात, ज्यांनी २०२५ मध्ये ठाण्यातच दहावा थर लावला. पाच थर नीट लागले तरी इथे वडापाव वाटला जातो. पण शास्त्र तेच आहे. तळाच्या थरात जाड, रुंद, शांत स्वभावाची माणसं. त्यांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर, माना खाली, आणि वर काय चाललंय ते त्यांना शेवटपर्यंत दिसत नाही. वरच्या थरांत वजन कमी होत जातं, वयही कमी होत जातं, आणि सगळ्यात वर एक असा चढतो की जो शाळेत वर्गाबाहेर उभा राहण्यासाठी प्रसिद्ध असतो. इथे कामाची वाटणी करायला कुणी व्यक्तिमत्त्व चाचणी घेत नाही. वजनकाटा पुरतो. तळाला उभं राहायचं म्हणजे पदावनती झाली असं वाटून कुणी रुसून बसत नाही, कारण ज्याला खाली उभं राहता येत नाही त्याला वर जाऊ देणं शहाणपणाचं नाही हे प्रत्येकाच्या खांद्याला कळलेलं असतं.

याला एक जुनी शास्त्रीय बाजूही आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले: एकटा माणूस जेवढा जोर लावतो, आठ जणांत ओढताना त्याच्या निम्म्यावर येतो. याचं आश्चर्य फक्त फ्रान्समध्ये वाटलं असेल. ज्याने सार्वजनिक गणपतीची मूर्ती टेम्पोतून उतरवताना ‘धरलंय, धरलंय’ म्हणणारे बारा हात पाहिलेत, त्याला त्यांतले किती खरोखर धरून असतात हे ठाऊक आहे. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरड्यावर हाच प्रयोग केला. गटात माणूस ओरडायचाही आळस करतो असं दिसलं. पण दोन वर्षांनी याच लोकांना असंही आढळलं की प्रत्येकाचं योगदान वेगळं ओळखू येणार असेल तर आळस गायब होतो. थरातली गोम इथे आहे. दोरी सगळ्यांची असते, पण खांद्यावरचे दोन पाय फक्त माझे असतात. ‘मला वाटलं दुसऱ्याने धरलंय’ ही सबब तिथे चालत नाही, कारण दुसऱ्याने दुसरेच पाय धरलेले असतात. कुठल्याही कंपनीच्या मूल्यमापन पद्धतीला एवढी स्वच्छ जबाबदारी कधी वाटून देता आलेली नाही.

आणि थर लावणं हे अर्धंच काम. हंडी न फोडता नुसती सलामी देऊन खाली येणाऱ्या पथकाला जाणकार जास्त मान देतात, कारण वर चढताना उत्साह असतो, उतरताना थकवा. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात असेच मानवी मनोरे रचतात. ‘कास्तेल’ म्हणतात त्यांना, आणि युनेस्कोने २०१० मध्ये त्यांचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तिथल्या स्पर्धांत मनोरा पूर्ण होऊन उतरताना कोसळला तर गुण कमी मिळतात, सुखरूप उतरला तर जास्त. हा नियम आपल्या सार्वजनिक जीवनात आणला तर काय हाहाकार होईल याची कल्पना करून पाहावी. वर किती चढलास याचे गुण थोडे, पायाखालच्याला न लाथाडता खाली कसा आलास याचे जास्त. निम्म्या सहकारी बँका, बहुतेक साहित्य संस्था आणि जवळपास सगळे पक्ष शून्यावर बाद होतील. रिसॉर्टातला मनोरा मात्र कुणी उतरवत नाही. फोटो झाला की तो कचऱ्याच्या डब्यात जातो. उतरण्याचा सराव झालेला नसल्यामुळे निवृत्त झालेले साहेब पुढे दोन वर्षं ‘सहज आलो होतो’ म्हणत केबिनच्या दारात उभे असतात.

इथे एक बरा आक्षेप येतो. थरात कसलं आलंय टीमवर्क? एक जण बाहेर शिट्टी वाजवतो आणि दोनशे जण मुकाट ऐकतात. हे तर आज्ञापालन झालं. शिवाय तो शिट्टीवाला वजनाखाली कुठे आहे? तो तर कोरड्या जमिनीवर उभा आहे, आणि निर्णय घेणाऱ्याने वजनाखाली असावं हा तुमचाच सिद्धांत. आक्षेप रास्त आहे, पण तो शिट्टीवाल्याचा पत्ता विसरतो. सगळ्यात वर चढलेल्या पोराची आई त्याच चाळीत राहते. तिचं दार त्याच्या दारासमोर आहे, तिची सासू त्याच्या आईची मैत्रीण आहे, आणि पोराला साधं खरचटलं तरी नारळी भातापासून गणपतीच्या आरतीपर्यंत त्याला त्या बाईच्या नजरेला नजर द्यायची आहे. हे वजन खांद्यावर दिसत नाही, पण दोन माणसांच्या वजनापेक्षा ते नक्की जास्त भरतं. शिवाय शिट्टी मारणारा बहुधा पूर्वी तळाच्या थरात उभा राहिलेला असतो. खालून तिसरा थर डुगडुगला तर तो आधी मानेत जाणवतो हे त्याला पुस्तकातून कळलेलं नसतं. आज्ञा पाळली जाते ती या ओळखीवर. उद्या एखाद्या व्यवस्थापन संस्थेतून पदवी घेतलेला अनोळखी माणूस चांदीची शिट्टी घेऊन आला, तर पहिला थर जागेवर बसून घेईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला विनोदाने उडवून लावणं बरं नाही. गोविंदा पडतात, जायबंदी होतात, मरतातही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांना वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची मर्यादा चौदावर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत आणि सरकारी नोकरीत खेळाडूंच्या कोट्याचा लाभही जाहीर केला, त्यावर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं खवळली. (मला स्वतःला वाटतं की मंत्रालयात फाइल खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर न पाडता चढवणं हे गोविंदांना उत्तम जमेल.) पण हे अपघात नीट पाहिले तर ते माझ्याच बाजूने बोलतात. वजनाखालच्या माणसांनी ठरवलेले थर क्वचित अवाच्या सवा असतात. अवाच्या सवा होतात ते मंचावरून माइकवर ‘अजून एक थर लागला तर पाच लाख जास्त’ असं ओरडणाऱ्यामुळे, आणि तो माणूस कुणाच्याही खाली नसतो. वुजेकचे दहा हजार डॉलर आठवा. बक्षिसाचा आकडा वाढला की हात घाईला येतात आणि जे काल सहज उभं राहत होतं ते आज उभं राहत नाही. कातालोनियात २००६ मध्ये एका मुलीचा पडून जीव गेला, त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आपल्याकडे हेल्मेटही आलं आणि त्याच्यावर प्रायोजकाचं नावही आलं.

त्या मंचामागे लावलेला फलक हा तर नेतृत्वाचा स्वतंत्र धडा आहे. हंडीत जो जितका वर तितका हलका असतो. फलकावर जो जितका वर तितका त्याचा चेहरा मोठा. तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची जी रांग असते, त्या माणसांनी बांबू बांधलेले असतात, वर्गणी गोळा केलेली असते आणि फलकाचे पैसेही बहुधा त्यांनीच दिलेले असतात. जाता जाता कॅम्प ५ ची एक गंमत. याच दिवसांच्या आसपास इथल्या चालिया मंदिरात सिंधी बांधवांचं चाळीस दिवसांचं व्रत चालतं आणि शेवटी त्यांच्याही मटक्या वाजतगाजत निघतात, पाण्यात सोडायला. एकाच वस्तीत एक समाज मटकी खाली नेतो आणि दुसरा वर टांगतो. वाहतूक मात्र दोन्ही वेळेला सारख्याच निष्ठेने तुंबते.

आता तिसरा प्रकार, जिथे वजनाखाली दुसराच कुणी असतो. त्यासाठी उल्हासनगरच्या जन्माकडे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याचा कल्याण कॅम्प होता, २,१२६ बराकींचा. फाळणीनंतर सिंधमधून सुमारे लाखभर माणसं इथे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर या नावाने शहराचा पाया घातला. एकेका बराकीत कित्येक कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. पलीकडच्या बिऱ्हाडातली फोडणी, खोकला आणि भांडण आपोआप सार्वजनिक मालकीचं. कुणी कुणाला ‘चला, आपण सहकार्य शिकू’ असं म्हटलं नाही. पाणी कधी येतं, चूल कुठे मांडायची, पापड कुठे वाळवायचे हे त्याच छपराखाली झोपणाऱ्यांनी आपसांत ठरवलं, आणि त्यातून एका पिढीत बाजार उभा राहिला. छप्पर गळलं तर ठरवणाऱ्याच्याच डोक्यावर गळत होतं. मग बराकी गेल्या, इमारती आल्या. आणि तेव्हा जे टीमवर्क दिसलं त्याला खरोखर तोड नाही. बिल्डर, आराखडा काढणारा, तो न पाहणारा, कमी सिमेंटात जास्त मजले बसवणारा मुकादम, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून कागद न विचारणारा गिऱ्हाईक, अशी साखळी एकाही कार्यशाळेशिवाय चोख चालली. न्यायालयात प्रकरण गेलं तेव्हा पाडायच्या बेकायदा इमारतींचा आकडा ८५५ होता. त्या नियमित करायला २००६ मध्ये विधिमंडळाने एका शहरासाठी वेगळा कायदा केला. एवढ्या विविध क्षेत्रांतल्या लोकांनी इतक्या एकदिलाने काहीतरी उभं केल्याचं उदाहरण व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही.

फक्त या संघातलं एकही माणूस त्या स्लॅबखाली झोपणार नव्हतं. झोपणारे वेगळे होते. २०२१ च्या एकाच मे महिन्यात शहरात दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक खाली आले आणि त्यात माणसं गेली, हे इथे हसण्यावारी नेण्याजोगं नाही. सहकार्य चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे, असं मला यावरून वाटतं. सहकार्य उत्तम असूनही ते खालच्याला चिरडू शकतं. बॅबिलोनच्या हम्मुराबीला हे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, असं त्याने दगडावर कोरून ठेवलं. शिक्षा रानटी आहे आणि तिचं समर्थन कुणी करू नये. पण त्याऐवजी बांधणाऱ्याने सहकुटुंब पहिली दहा वर्षं त्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहायचं, आणि परवानगीवर सही करणाऱ्याने त्याच्या शेजारी, एवढी माफक अट घातली असती तरी आपल्याकडे सिमेंटचा खप कितीतरी वाढला असता.

कॅम्प ५ च्या जीन्स बाजारातही हीच गोष्ट निळ्या रंगात दिसते. एक जीन्स पँट तयार होताना कटिंग मास्तर, शिलाईवाले, काज-बटणवाले, धुलाईवाले, धागे कापणाऱ्या बायका आणि प्रेसवाला अशा वेगवेगळ्या गाळ्यांतून फिरते. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. तरीही दोन्ही पायांची लांबी सारखी निघते, कारण लांबी चुकली तर माल परत येतो आणि पैसे ज्याचे त्याचे कापले जातात. वजन बरोबर हातावर आहे. धुलाईच्या पाण्याचं मात्र तसं नव्हतं. ते वालधुनी नदीत जात होतं, आणि नदीने माल परत पाठवण्याची सोय नव्हती. दिवसाच्या कामाप्रमाणे तिचा रंग बदलत राहिला. शेवटी प्रदूषण मंडळ आणि न्यायालयांनी दट्ट्या दिल्यावर धुलाईचे कारखाने बंद झाले किंवा हलले. साखळीत सगळ्यांना जागा होती, जिच्यावर ओझं पडत होतं तिला तेवढी नव्हती.

आता कुणी विचारेल की वजनाखाली राहून माणूस एवढा सुधारत असेल, तर बदलापूर लोकलचे प्रवासी एव्हाना संतपदाला पोचायला हवे होते. सकाळच्या गाडीत प्रत्येक जण अक्षरशः दुसऱ्याच्या वजनाखाली असतो. रिसॉर्टात ‘ट्रस्ट फॉल’ नावाचा एक खेळ घेतात, डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. अंबरनाथला दारात लटकणारा माणूस हा खेळ पासाच्या पैशात रोज खेळतो. तरीही त्याच गाडीत उल्हासनगर-अंबरनाथहून उलटे बदलापूरला जाऊन सीट पकडून येणाऱ्या ‘रिटर्न’वाल्यांवरून बदलापूरकरांची रोज जुंपते. मग सिद्धांताचं काय झालं? माझ्या मते तो इथेही टिकतो, फक्त बारकाईने पाहायला हवं. भांडणं होतात ती सीटवरून, कारण बसलेल्याच्या अंगावर उभ्याचं वजन येत नाही. दाराशी मात्र विलक्षण शिस्त असते. कोण आत सरकणार, कुणाची बॅग पुढे घ्यायची, कोणत्या स्थानकाला कोणत्या बाजूला वाट मोकळी करायची, हे न बोलता ठरतं आणि पाळलं जातं, कारण तिथे एकाचा पाय घसरला तर चौघे जातात. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट देण्याचा रिवाजही असाच. बसलेला जो सरकतो तो काल स्वतः उभा होता आणि उद्या पुन्हा असणार आहे. ज्याला कल्याणला उतरायचंय तो सहसा सरकत नाही.

एवढं ऐकून मनुष्यबळ विभागाचे अधिकारी हात जोडतील आणि म्हणतील, बरं, मग आम्ही काय करायचं? लेखा विभागाला एकमेकांच्या खांद्यावर चढवायचं? विमा कंपनी ऐकणार नाही आणि जोशीबाईंच्या गुडघ्यांनाही ते परवडणार नाही. कबूल. पण हे वजन नेहमी हाडामांसाचंच असावं लागतं असं नाही. कॅन्टीनचं कंत्राट ज्याने ठरवलं त्याने महिनाभर तिथेच जेवावं. सकाळी आठची मीटिंग लावणाऱ्या साहेबाने एक आठवडा बदलापूरहून लोकलने यावं. ज्याने नवं सॉफ्टवेअर आणलं त्याने स्वतःची रजा त्यावरच टाकून दाखवावी. खर्च रिसॉर्टापेक्षा कमी येईल. अर्थात हे होणार नाही. रिसॉर्टाला जेवणात पनीर असतं, आणि एका दिवसात नेतृत्व शिकल्याचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळतं, ज्यावर हस्ताक्षर फॅसिलिटेटरचं असतं आणि नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं.

कॅम्प ५ मध्ये मात्र खराखुरा बांधकामाचा सामूहिक सराव अजूनही दरवर्षी होतो, आणि त्याला टी-शर्ट लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते, स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणते, आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा. तळमजल्याचा गाळेवाला म्हणतो, ‘साईं, पाणी तर वर गळतंय, आमच्या दुकानात कुठे येतंय?’ मधल्या मजल्यावरचे दोघांचंही बरोबर आहे म्हणतात आणि वर्गणीचा विषय निघाला की त्यांना फोन येतो. भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा, मालक मुलुंडला राहतो. सेक्रेटरी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतो, जे त्याच्या मागच्या सभेचंच असतं. ऑडिटला आलेला इंजिनिअर पिलरवर हातोडी मारून पाहतो. आवाज ऐकून पहिल्यांदाच सगळे गप्प होतात. ही सभा नेहमी गच्चीवर भरते, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा इमारतीत नाही. तिथे वर्गणी, कंत्राटदार, पुनर्विकास, चेअरमनचा राजीनामा यांपैकी एकाही विषयावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मग इंजिनिअर जाता जाता सहज म्हणतो की या स्लॅबवर एका वेळी इतके लोक उभे राहणं बरं नव्हे. आणि यापुढच्या सभा खाली रस्त्यावर घ्याव्यात हा ठराव, सूचक-अनुमोदकाची वाट न पाहता, जिन्यातच एकमताने मंजूर होतो.